राउटर बंद करण्याआधी आकडा बघा

पत्र:

आमच्या दोन मजली घरात वाय-फायवर मोजून ३१ उपकरणं आहेत. फोन, लॅपटॉप, दोन टीव्ही, चार कॅमेरे, प्रिंटर, बाकीचे दिवे आणि प्लग. खाली नवा राउटर आहे. वर रेंज येत नव्हती म्हणून जुना राउटर वर ठेवला आणि केबलनं खालच्याला जोडला. तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा कुणाचं ना कुणाचं नेट जातं. कधी माझ्या लॅपटॉपचं, कधी टीव्हीचं, कधी एखादा कॅमेराच ऑफलाइन. रेंजच्या काड्या मात्र पूर्ण असतात. प्रिंटर मनात येईल तेव्हा सापडतो. राउटर बंद-चालू केला की ज्याचं गेलं होतं त्याचं येतं, पण थोड्या वेळानं दुसऱ्याच कुणाचं तरी जातं. शिवाय संध्याकाळी कॉलवर माझा आवाज तुटतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, लाइन ठीक आहे म्हणाला. ह्यांचं म्हणणं प्लॅन वाढवू, भाची म्हणते मेश घे, म्हणजे घरभर ठेवायच्या, एकमेकांशी जोडलेल्या वाय-फाय डब्यांचा संच. घरात ‘नेट गेलं’ अशी हाक आली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण हे खातं माझ्याकडे आहे. काय करू?

ता. क. फोनच्या सेटिंगमध्ये कधी १९२.१६८.०.१४ असा आकडा दिसतो, कधी १९२.१६८.१.१०५. याला काही अर्थ असतो का?

उत्तर:

ताई, अर्थ असतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. ती नसती तर मी तुम्हाला दहा शक्यता सांगितल्या असत्या आणि तुम्ही दोन महिने एकेक तपासत बसला असतात. आता मला बऱ्याच खात्रीनं सांगता येतं की तुमच्या घरात आकडे वाटणारे दोघं आहेत, आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

कोणतंही उपकरण वाय-फायला जोडलं गेलं की त्याला घरातला एक आकडा लागतो. त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. तो राउटर देतो आणि देण्याच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. फोन सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल असं विचारतो, ‘मला आकडा कोण देतंय?’ ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा आकडा तो बहुतेक वेळा घेतो. उत्तर देणाऱ्याला तो अधिकार आहे की नाही, हे फोन विचारत नाही. १९९७ साली डीएचसीपीची जी नियमावली निघाली, आरएफसी २१३१, तिच्यातच लिहिलंय की ही पद्धत फारशी सुरक्षित नाही आणि अनधिकृत वाटपकर्ता सहज उभा राहू शकतो. तुमच्याकडे तसा एक उभा आहे, तोही कुणाच्या वाईट हेतूशिवाय. जुना राउटर अजून स्वतःला घरातला मुख्य राउटर समजतोय.

आकड्यासोबत आणखी एक गोष्ट मिळते. बाहेर जायचं तर कुणाच्या दारातून जायचं, हे राउटर सांगतो. त्याला गेटवे म्हणतात. नवा राउटर म्हणतो, माझ्या दारातून जा, आणि त्याच्या दाराला कंपनीची लाइन जोडलेली आहे. जुना राउटरही म्हणतो, माझ्या दारातून जा, पण त्याच्या दारामागे काहीच नाही. म्हणून फोनला १९२.१६८.१ नं सुरू होणारा आकडा मिळाला की काड्या पूर्ण, वाय-फाय जोडलेलं, आणि नेट मात्र नाही. दोष रेंजचा नाही आणि लाइनचाही नाही. फोन भलत्याच दाराशी उभा आहे, एवढंच.

आता बाकीची लक्षणं याच्याशी लावून बघा. लॅपटॉपला ‘०’ वाला आकडा आणि प्रिंटरला ‘१’ वाला मिळाला, तर ते दोघं एका टेबलावर असूनही एकमेकांना सापडत नाहीत. दोघांना एकाच घराण्यातले आकडे मिळाले की प्रिंटर सापडतो. फोन खिशात झोपतो, जागा झाला की आकड्याची पुन्हा विचारपूस करतो, आणि या वेळी दुसऱ्याचं उत्तर आधी येऊ शकतं. राउटर बंद-चालू केला की त्याच्यावरची सगळी उपकरणं नव्यानं आकडा मागतात आणि सोडत पुन्हा निघते. ज्याला वाईट आकडा होता त्याला चांगला मिळतो, चांगला होता त्याला वाईट. म्हणूनच ‘थोड्या वेळानं दुसऱ्याच कुणाचं तरी’. कंपनीच्या माणसानं सांगितलं ते खरंच होतं.

यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते बंद-चालू करणं. त्यानं काही वेळ सुटका होते, पण पुरावाही पुसला जातो. नेट गेलेल्या क्षणी त्या उपकरणावर कोणता आकडा होता, हेच तर हवं असतं, आणि स्विच दाबला की ते गेलं. तुम्ही एकदा आधी सेटिंग उघडून पाहिलीत आणि आकडा लिहून ठेवलात, म्हणून आज हे उत्तर देता येतंय.

दुरुस्ती तासाभराची आहे. घरात कुणाचा महत्त्वाचा कॉल नसेल अशी वेळ निवडा.

आधी खालच्या, म्हणजे नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक उघडेल. पासवर्ड बदललेला नसेल तर राउटरच्या खालच्या चिकटपट्टीवर असतो. तिथे डीएचसीपीच्या पानावर आकडे कुठून कुठपर्यंत वाटायचे ते लिहिलेलं असतं. तुमच्या फोनला १४ मिळालाय, म्हणजे वाटप खालच्या आकड्यांपासून सुरू होतंय. ते २० ते २०० असं करून ठेवा. २० च्या खालचे आकडे आपल्या हातात मोकळे राहतील, त्यातला एक आत्ताच लागणार आहे.

मग वर या. जुन्या राउटरची खालून येणारी केबल काढून ठेवा, म्हणजे तो एकटा पडेल. एका लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि तो छोट्या केबलनं जुन्या राउटरला जोडा. लॅन (घरातल्या उपकरणांसाठीचं) लिहिलेल्या भोकात, वॅन (बाहेरच्या लाइनीसाठीचं) लिहिलेल्यात नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ किंवा नुसतं ‘एपी मोड’ असा पर्याय दिसला तर तो निवडा, सेव्ह करा, केबल परत लावा आणि काम झालं. राउटर स्वतःच वाटप थांबवतो. हा मोड घेतल्यावर केबल कोणत्या भोकात लावायची ते त्याच पानावर सांगितलेलं असतं.

पर्याय नसेल तर हेच हातानं करायचं, पण क्रम चुकवू नका. पहिल्यांदा राउटरचा स्वतःचा लॅन आयपी बदलून १९२.१६८.०.२ करा आणि सेव्ह करा. पान अडकेल, घाबरू नका, राउटर नव्या आकड्यावर गेलाय. लॅपटॉपची केबल काढून परत लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.२ उघडा, आणि मग डीएचसीपी बंद करा. उलट केलं, म्हणजे वाटप आधी बंद केलं, तर केबल परत लावल्यावर लॅपटॉपला आकडा द्यायला कुणीच उरत नाही आणि राउटरचं पानच उघडत नाही. तसं झालंच तर मागचं रिसेटचं छोटं बटण टाचणीनं दाबून धरा आणि पहिल्यापासून सुरू करा. काही बिघडत नाही.

डीएचसीपी बंद झाल्यावर खालून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅनच्या भोकात लावा. वॅनचं भोक रिकामंच राहू द्या, त्यावर कागदाची पट्टी चिकटवली तर उत्तम. सहा महिन्यांनी कुणीतरी धूळ पुसताना केबल काढेल आणि रिकामं दिसेल त्या भोकात खुपसेल. तसं झालं तर वरच्या मजल्याचं नेट जाईल आणि कारण कुणाला आठवणार नाही. आणि मोकळं टोक दिसलं म्हणून कुणी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच राउटरला लावू नयेत, हेही घरात सांगून ठेवा. त्या गोल फेऱ्यात तेच ते संदेश फिरत राहतात आणि अख्खं घर एका मिनिटात ठप्प होऊ शकतं.

शेवटी दोन्ही राउटर बंद करा, खालचा आधी चालू करा, तो स्थिर झाला की वरचा. मग घरभर फिरून फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळ्यांचे आकडे बघा. सगळे १९२.१६८.० नं सुरू व्हायला हवेत.

आता राहिला संध्याकाळचा तुटणारा आवाज. तो या दुरुस्तीनं जाईल असं मी सांगणार नाही, तो बहुधा वेगळाच आजार आहे. दोन आजार एकत्र असले की माणूस दोघांनाही ‘नेट नीट चालत नाही’ म्हणतो आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही म्हणून हैराण होतो.

यासाठी लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा. विंडोज असेल तर ‘कमांड प्रॉम्प्ट’. पहिलीत इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडा, १९२.१६८.०.१ लिहा, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी. दुसरीत तेच, फक्त आकडा १.१.१.१. पहिली खिडकी दर सेकंदाला तुमच्या राउटरला हाक मारते, दुसरी घराबाहेरच्या एका सर्व्हरला. दोन्हीत ओळी सरकत राहतील आणि प्रत्येक ओळीत उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसेल. कॉल चालू असताना हे चालू ठेवा. आवाज तुटला की फक्त त्या क्षणी दोन्ही खिडक्यांकडे बघा.

पहिल्या खिडकीत एरवी दोन-पाचचा आकडा असतो. तो शेकड्यांत उडाला किंवा उत्तरच आलं नाही, तर दोष घरातल्या हवेत आहे, म्हणजे वाय-फायमध्ये. पहिली शांत आणि दुसरीच उसळतेय, तर दोष राउटरच्या पलीकडे किंवा राउटरच्या दारात. दोन्ही शांत आहेत, तरी वेबसाइट उघडत नाहीत, तर नावावरून आकडा शोधणारी डीएनएस नावाची यंत्रणा अडतेय, आणि राउटरमध्ये दुसरा डीएनएस घातला की ते सुटू शकतं. मला या चाचणीइतकी उपयोगाची दुसरी माहीत नाही. पैसे लागत नाहीत आणि वाद मिटतो.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे दुसरी खिडकी उसळेल. चार कॅमेरे सतत चित्र वर पाठवतात आणि संध्याकाळी सगळे घरी आले की फोनही दिवसभराचे फोटो वर चढवायला लागतात. वर पाठवायचा रस्ता बऱ्याच लाइनींवर खाली येण्याच्या रस्त्यापेक्षा अरुंद असतो. तो भरला की राउटर पुढचा माल लांबलचक रांगेत साठवतो आणि तुमच्या आवाजाचा इवलासा तुकडा त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. तो पोहोचतो, पण अर्ध्या सेकंदानं, आणि तोवर कॉल पुढे गेलेला असतो. याला बफरब्लोट म्हणतात. त्याच्यावर उपाय म्हणजे राउटरमधली क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सोय. ती चालू करून वर-खाली दोन्ही वेगांना प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांची मर्यादा घाला. वेग थोडा सोडल्यासारखा वाटतो, पण रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात येते आणि तो छोट्या तुकड्यांना पुढे काढू शकतो. ही सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा चालेल असं करा आणि कॅमेऱ्यांना ‘हालचाल झाली तरच पाठव’ असं सांगा. एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

पहिली खिडकी उसळली तर मात्र हवेकडे बघायला हवं. वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, असा नियम आहे. बाकीचे थांबतात. म्हणजे ३१ उपकरणं ही अडचण नाही, अडचण आहे सावकाश बोलणाऱ्याची. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला रेंज कमी पडून तो ६ एमबीपीएसनं (सेकंदाला ६ मेगाबिट) बोलत असेल आणि लॅपटॉप ३०० नं, तर तेवढंच बोलायला कॅमेरा ५० पट वेळ घेतो आणि तेवढा वेळ त्या चॅनलवरची सगळी गप्प बसतात. एका लांबच्या कॅमेऱ्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाचा कॉल अडखळू शकतो, तो असा.

दिवे, प्लग आणि बरेचसे कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ती पट्टी लांब पोहोचते पण अरुंद आहे, आणि ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, शेजारपाजारचे राउटर, सगळे तिथेच असतात. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. खालच्या राउटरला १ द्या, वरच्याला ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर ती पट्टी जवळजवळ एकट्यानंच व्यापता. लॅपटॉप आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. आणि टीव्ही राउटरजवळ असेल तर त्याला सरळ केबल लावा. जे जागचं हलत नाही त्याला वाय-फाय कशाला, असं माझं अगदी ठाम मत आहे.

राउटरच्या अगदी मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती लांब करा. तिच्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास येतो.

तुमची वर-खाली जाणारी केबल हा तुमच्याकडचा ठेवा आहे, म्हणून तिच्याबद्दल एक सांगतो. माझ्या घरी एका खोलीत केबल लावलेली असूनही वेग कधी ९४ एमबीपीएसच्या पुढे जात नव्हता. लाइन बघितली, राउटर बघितला, सगळं ठीक. शेवटी कपाट सरकवलं तेव्हा केबलवर कपाटाचा पाय बसलेला सापडला. आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक तुटली होती. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून जोडणी मुकाट्यानं १०० वर उतरली होती, आणि त्यातून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच हाती येतं. केबल बंद पडली असती तर लगेच कळलं असतं. तुमची केबल दारातून किंवा जड सामानाखालून गेली असेल तर तेवढं बघून घ्या.

प्लॅन वाढवू नका. वाढवलेला वेगही त्याच चुकीच्या दाराशी थांबला असता. मेशही आत्ता नको. मेशचे बहुतेक संच एकमेकांशी हवेतूनच बोलतात, म्हणजे आधीच गजबजलेल्या हवेत आणखी बोलणी. केबल टाकता येत नाही अशा घरात ते कामाचे आहेत. तुमच्याकडे केबल आहे. भाचीचा सल्ला चुकीचा नाही, तिला तुमची केबल आणि ते दोन आकडे माहीत नव्हते, एवढंच.

प्रिंटरला मात्र कायमचा आकडा देऊन टाका. नव्या राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असं पान असतं, तिथे प्रिंटर निवडून त्याचा आकडा पक्का करा. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये हातानं आकडा घालू नका, कारण राउटरला ते माहीत नसतं आणि तोच आकडा तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन बसू शकतो. फोनसाठी हे करायचं झालं तर आधी फोनमधला ‘खासगी वाय-फाय ॲड्रेस’ बघा. नवे फोन राउटरला आपली खरी ओळख सांगत नाहीत, आणि ती ओळख बदलली की राखून ठेवलेला आकडा लागू होत नाही.

पुढचे आठ दिवस राउटरजवळ एक वही ठेवा. ‘नेट गेलं’ अशी हाक आली की स्विचला हात लावण्याआधी वेळ, उपकरण, खोली आणि आकडा लिहा. घरातल्या इतरांनाही हे शिकवा, हे खातं एकट्या तुमचं असण्याचं कारण नाही. १९२.१६८.१ नं सुरू होणारा आकडा या आठ दिवसांत पुन्हा दिसला, तर आकडे वाटणारं आणखी एखादं यंत्र घरात आहे, बहुधा विसरलेला एखादा रेंज वाढवणारा प्लग. तसं झालं तर त्या वेळी लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत इंग्रजीत आयपीकॉन्फिग, जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल असं लिहा. जी यादी येईल त्यात ‘डीएचसीपी सर्व्हर’ नावाची ओळ असते. तिच्यापुढचा आकडा मला लिहून पाठवा.